मारव्याचा षड्ज

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दामिनीनं बसवलेल्या रचनेचा शेवट आजवर एकाही श्रोत्यानं ऐकला नव्हता. मारवा राग, त्याखाली रॉकचे ड्रम आणि गिटार, मधोमध तिचा कीबोर्ड, असा तो भलामोठा पसारा. पण बँडचे गायक शेखरदादा आलापाला बसले की वेळ खाऊन टाकत. अकोल्यात काय, चांदूर रेल्वेला काय, प्रत्येक वेळी आयोजकांनी मध्येच पडदा पाडला होता.

अमरावतीच्या कार्यक्रमाआधी विंगेत तिनं हातच जोडले. "दादा, आज तरी आलाप आवरा. त्या शेवटासाठी वर्षभर खपली मी."

"मारवा हाये तो," शेखरदादा शांतपणे म्हणाले. "त्याले काय कुकरच्या शिट्टीवर शिजवू?"

ड्रमर गजेंद्र गालातल्या गालात हसला. दामिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

पडदा उघडला. दादांनी डोळे मिटले, आणि ते तोंड उघडणार तोच दामिनीनं थेट शेवटचा भागच सुरू केला. गजेंद्रच्या हातातली स्टिक निसटली; ती उचलून, चालत्या गाडीत चढावं तसा तो तालात शिरला. गिटारवाली रश्मी तर पहिलं आवर्तन नुसती बघतच राहिली. दादांचा चेहरा लालबुंद झाला, पण स्टेजवरून उठून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गायले बिचारे.

अखेर सगळी वाद्यं एकदम षड्जावर, म्हणजे सा वर, येऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्यापैकी वाजवल्या, इतकंच. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर लगेच फोन काढून मेसेज बघायला घेतले.

दामिनीला काही कळेना. घरी हाच सूर लागला की तिच्या अंगावर काटा यायचा.

"मारव्यात सा लपवून ठेवतात," परतीच्या गाडीत दादा तोंड फिरवूनच म्हणाले. "मी आलापात त्याच्या भोवतीभोवती काहून फिरतो? लोकं त्यासाठी तरसले पाह्यजेत. तू तं पाहुणा आल्या आल्या त्याच्या हातात विडा देल्ला. जेवणाचा पत्ताच नाही!"

दामिनी चिडली ती त्यांचं खरं होतं म्हणून. "मंग हे आधी नाही सांगता आलं?"

"तू इचारलं कधी? नुसतं आवरा, आवरा."

"अन् तुमी कधी शेवटापर्यंत पोचू देल्लं? जेवणच इतकं लांबवता का पाहुणा विड्याआधीच उठून जाते!"

बडनेरा मागे पडल्यावर दादा हळूच म्हणाले, "अर्धा आलाप घेईन."

"पाव."

मूर्तिजापूर गेलं तरी घासाघीस चालूच होती. शेवटी अर्ध्यावर ठरलं: दामिनीनं मान हलवली की दादांनी थांबायचं. दादांनी गळ्याची शपथ घेतली. डोळे मिटून गाणाऱ्या माणसाला आपली मान दिसणार कशी, हे घरी पोचल्यावर दामिनीच्या ध्यानात आलं.