केळ्यांच्या फणीचा होकार

रेजिता आठवडाभर सगळ्यांना एकच उत्तर देत होती: पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांच्या कामाची गंमत अशी, की ते आज केलं काय आणि उद्या केलं काय, असं वाटत राहतं, आणि बघता बघता नवरात्रातल्या अष्टमीची संध्याकाळ दारात येऊन उभी राहते.

काम खरंच छोटं होतं. कोचीतल्या काक्कनाडच्या त्या ऑफिसात मासेमारी बोटींकडून माहिती यायची: बोट कुठे आहे, मासळी किती, बर्फ किती उरला. उपग्रहावरून पाठवणं महाग, म्हणून बोटीवरचं यंत्र सगळं दाबून-दुमडून त्याचं गाठोडं बांधायचं आणि इथलं यंत्र ते सोडायचं. दोघांची रीत एक हवी, नाहीतर हाती नुसता कचरा. दशमीच्या सकाळपासून बोटी नव्या रीतीने गाठोडी बांधणार होत्या. ती सोडणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, आपल्या लॅपटॉपवर वेळेत बसलेली असेल, असा शब्द रेजिताने सुधाकरन सरांना दिला होता आणि त्यावरच तिचं टीम लीड होणं अडलं होतं. नाही जमलं तर ती खुर्ची तिच्याच टीममधल्या जिजोची. जिजोच्या हाताखाली काम करण्यापेक्षा बोटीवर जाऊन मासे साफ केलेले बरे, असं तिचं स्वच्छ मत होतं.

अष्टमीला ओमना चेचीने, ऑफिसच्या या थोरल्या ताईने, सरस्वतीपुढे केळीची पानं मांडली आणि सगळ्यांची यंत्रं पूजेसाठी गोळा करायला घेतली. ऑफिसची व्यवस्था, किल्ल्या आणि देव, तिन्ही चेचीकडे. एकदा पूजेत ठेवलं की दशमीच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, आणि चेचीच्या राज्यात बटणही दाबायचं नाही. मागे एकदा खुद्द सरांनी पूजेतल्या फोनवर नुसती वेळ पाहिली होती. त्या वर्षी त्यांना प्रसादाचं पायसम, चेचीच्या हातची खीर, मिळालं नाही.

रेजिताने डोकं चालवलं. चेची शेजारच्या टेबलाशी असतानाच तिने लायब्ररी बसवायचा हुकूम सोडला आणि चालता लॅपटॉप, उघडाच, वायरीसकट पूजेत नेऊन ठेवला. वरून रेशमी वस्त्र पांघरवलं. आपण हात लावायचा नाही हे कबूल, पण यंत्राने काम करायचं नाही असं कुठे म्हटलंय? जिजो हे बघून गालातल्या गालात हसला. ते हसू तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

नवमीला कामाला सुट्टी होती. रेजिता प्रसादाच्या निमित्ताने आली आणि नमस्काराला वाकता वाकता वस्त्राखाली डोकावली. पडद्यावर प्रश्न होता: बसवू का? हो असेल तर एंटर दाबा. बिचारं यंत्र कालपासून होकाराची वाट बघत ताटकळलं होतं. या ऑफिसात काहीही बसवताना पावलोपावली विचारायची खोड यंत्रांना जिजोनेच लावून ठेवली होती, हे तिला आता आठवलं.

मागून जिजोचा आवाज आला. "देवीकडे काय मागतेस गं एवढं वाकून?"

"तुला बुद्धी," ती म्हणाली.

चेची समोरच खुर्ची टाकून माळ ओवत बसलेली. रेजिताने फूल वाहते म्हटलं, तर चेचीने ते फूल काढून घेतलं आणि स्वतः वाहिलं. मग रेजिताने पंख्याने वस्त्र उडून दिव्यावर पडेल अशी भीती घातली. चेचीने उठून पंखाच बंद केला. कोचीच्या उकाड्यात तो बेत फार टिकणार नव्हता. थोड्याच वेळात घाम पुसत चेचीने पंखा पुन्हा लावला, तेव्हा रेजिताने अगदी सहज सुचवलं की वस्त्रावर वजन ठेवायला हवं. चेचीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि नैवेद्यातली केळ्यांची फणी उचलली.

"कुठे ठेवू?"

"वरून घसरेल, चेची. वस्त्राची कड आत घेऊन ठेवा. उजवीकडे. अजून थोडं. ते शेवटचं केळं जरा खाली येऊ दे."

बारीकसा टक् आवाज झाला. इतक्या भक्तिभावाने रेजिताने जन्मात नमस्कार केला नव्हता.

घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की फणी उचला असं कुणी सांगितलंच नाही. केळं अजून एंटरवरच होतं.

दशमीला पहाटे पूजा उचलली. चेचीने वस्त्र काढलं आणि रेजिता पडद्यावर झुकली. लायब्ररी बसली होती. बोटींची गाठोडी एकामागून एक सुटत होती, मासळी, बर्फ, सगळं लख्ख. मात्र केळ्याने पुढच्याही प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं होतं आणि शेवटचा प्रश्न होता: सगळ्यांना कळवू का?

"सर, मेल बघा," जिजो गोड आवाजात म्हणाला. "रेजिताने काम केलंय. नवमीच्या दुपारी."

पायसम हुकलेले सर अजून ते विसरले नव्हते. त्यांनी विचारलं, "पूजेतल्या यंत्राला हात कुणी लावला?"

खुर्ची गेली हे रेजिताला कळून चुकलं.

"मी," चेची म्हणाली. "फूल वाहायचं तर माझाच हात लागतो. नैवेद्य कुणाच्या हाताने ठेवायचा होता?"

गाठोडी सुटत होती, शब्द पाळला गेला होता. सरांनी तिथल्या तिथे रेजिताचं नाव जाहीर केलं. जिजोला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

जेवणाची पानं मांडताना चेची रेजिताच्या कानाशी वाकली. "वस्त्र काय, पंखा काय, वजन काय. एवढं फिरून कशाला आलीस, पोरी? ते बटण दाबा म्हणाली असतीस तर दाबलं असतं. बंदी तुम्हाला होती. मी तर दिवसभर हातच लावत होते."

मग तिने सगळ्यांना पायसम वाढलं. नव्या टीम लीडच्या पानात ते पडलं नाही. तिथे चेचीने केळ्यांची ती अख्खी फणी ठेवली, आणि ती संपेपर्यंत समोरून हलली नाही.