सातव्या पानावरची काळी ओळ

मी एक जुनी सरकारी फाईल आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका कचेरीत माझा जन्म झाला, तेव्हा माझा पुठ्ठा करकरीत होता. म्हाताऱ्या माणसांना मिळणारी सरकारी मदत कुणाला द्यायची आणि कुणाची बंद करायची, त्या निर्णयांचे कागद माझ्यात लावले जात. ओचोला साहेब मला दोन्ही हातांनी उचलायचे. मीही मोठ्या तोऱ्यात असे.

एके दिवशी माझ्या सातव्या पानावर एक ओळ आली: 'अंगणात नवे पत्र्याचे घर दिसल्यास नाव वगळावे.' त्या ओळीने अकुमू आजीचं नाव कापलं. कारण कुणी कळवलं नाही. ते विचारायला ती कचेरीत आली आणि आपली कर्मकहाणी सांगू लागली. तिचा मुलगा ओडेरा शहरात वारला होता. तिच्या लुओ जमातीत मुलाचं स्वतःचं घर अंगणात नसेल, तर आधी घर बांधतात, मगच त्याला पुरतात. भाऊबंदांनी दोन दिवसांत पत्र्याचं घर उभं केलं. ते रिकामंच होतं. आजी शेजारच्या गळक्या गवती झोपडीत राहत होती.

तिचं कारण माझ्याच सातव्या पानावर होतं. पण फाईलला कुठे बोलता येतं?

"आजी, धोरणाची चर्चा गोपनीय असते," साहेब म्हणाले.

"नाव माझं कापलंत, अन् मलाच सांगायचं नाही होय?"

तिने माहितीच्या कायद्याने अर्ज केला. तो फेटाळला. मग ती माहिती आयोगाकडे गेली. दोन वर्षांनी हुकूम आला की कागद द्या. साहेबांनी दिले, पण सातव्या पानाच्या प्रतीत त्या ओळीवर आधी काळी शाई फिरवली.

"पोरी, माझं कारण कुठलं गं यात?" आजीने कारकून रोझलिनला विचारलं.

"ही काळी ओळ, आजी."

आजीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "एवढं मोठं, की झाकावं लागलं? असं काय केलं मी?" मग तीच म्हणाली, "ओडेराच्या मातीला साहेबांना बोलावलं नाही, त्याचाच राग असणार."

ती आत गेली आणि साहेबांसमोर वाकली. "चुकलं माझं, साहेब. माफ करा."

"बरं, बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला मिटलं.

आजी त्याच वर्षी गेली. मी कपाटात पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ झटका, असं मी म्हणणार नाही. वाळवी लागली तरी चालेल. फक्त त्याआधी मला उघडा आणि ज्याचं कारण त्याला वाचून दाखवा. तेवढं कुणी केलं असतं, तर अकुमू आजी कुणाचीही माफी न मागता मेली असती.