गिळलेलं नाव

पारूबाईनं आजवर शंभरावर पोरं न्हाऊ घातली, आणि शंभरावर घरांत एक नाव गिळलं.

सकाळी ती मुकुंदवाडीतून निघायची आणि सिडकोतले फ्लॅट एकेक करून उरकायची. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायांवर पोर पालथं घ्यायचं. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाण्यात विसण घालून अंघोळ. हात चालू झाले की गळाही चालू. पाळणा एकच. तिच्या आईनं, आवडाबाईनं, चितेगावला दुसऱ्याच्या रानात खुरपताना रचलेला:

पाटी घे रं बाळा, भीमाच्या नावाची
वाट तुझी तुला, नाय कुणा बापाची

स्वतःच्या लेकरांना तिनं तो मोकळ्या गळ्यानं म्हटला. दुसऱ्यांच्या घरी मात्र नुसतं हूं हूं. शब्द आले की नाव येणार. नाव आलं की घरातली म्हातारी मान वर करणार, आणि संध्याकाळी निरोप, 'गावाकडून आमची बाई आलीय, उद्यापासून नको.' एकदा आला होता तसा निरोप. बायका म्हणायच्या, 'काय गोड चाल आहे हो!' गोडवा कुणाकडूनही घेतात लोक. त्यामागचं माणूस तेवढं नको असतं.

त्यातल्याच एका फ्लॅटमधला माऊली सहा महिन्यांचा झाला होता. त्याची आई मोनिका शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनियर, तिची रजा संपत आली होती. ती पाणी ओतायची, पारूबाई चोळायची. शनिवारी तांब्या हातात धरून मोनिका म्हणाली, "मावशी, काल डॉक्टरांनी विचारलं, घरात बाळाशी बोलतं कोण? हे लॅपटॉपवर, मी मोबाईलवर, आई सिरीयलसमोर. म्हटलं, मावशी गुणगुणतात. तर म्हणाले, नुसती गुणगुण पुरत नाही. तोंडाकडे बघून, शब्द ऐकून बाळ शिकतं."

"मंग चांदोबाचं म्हणते."

"नको, तुमचंच म्हणा. त्या चालीवर तो मान वळवतो. त्याला शब्द आहेत ना?"

"हायेत की."

"मग म्हणा."

पारूबाईचा हात थांबला. हे घर गेलं की याच सोसायटीतली आणखी तीन घरं जाणार. बायका एकमेकींना विचारूनच बाई ठेवतात. पण पायावर उताणं केलेलं पोर तिच्या तोंडाकडं बघत होतं, भुकेलं बघतं तसं. तिनं म्हटलं. नावासकट.

मोनिकाच्या हातातलं पाणी थांबलं नाही. "छान आहे," ती म्हणाली, "परत म्हणा."

दारात माऊलीची आजी, मोनिकाची सासू, उभी होती. चतुराबाई. वैजापूरकडची जमीनदारीण, पारूबाईहून दोन वर्षांनी लहान. तरी पारूबाईनं तिला काकू म्हणायचं, आणि तिनं हिला नुसतं पारू. ही रीत कुणी शिकवत नाही आणि कुणी चुकत नाही.

"पारू, कुणाचं नाव घालायलीस आमच्या पोराच्या कानात?"

"पाळण्यात हाय ते, काकू."

"चाल ऱ्हाऊ दे. नाव बदल. रामाचं घाल, किस्नाचं घाल. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय. माझ्या मायनं रचलंय. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पाटीचं रचलं."

"आई, डॉक्टरांनीच सांगितलंय..."

"त्या डॉक्टरला काय? तू सोमवारपासून ड्यूटीवर. मंग घरात मीच हाये. बघते मी."

रविवारी पारूबाईनं लेकीला, संध्याला सगळं सांगितलं. संध्या हसली. "आय, निम्म्या सिडकोला तू चाल पाठ करून दिलीस. आता शब्द द्यायची येळ आली तर भ्यायलीस व्हय?"

"मी नाय भेत. घरं भेतात."

सोमवारी मोनिका सातच्या कंपनीच्या बसनं गेली. बाथरूममध्ये चतुराबाई तांब्या घेऊन स्टुलावर बसली. "ऐक पारू. पाणी मी घालते. तोंड बंद ठेवायचं. लईच आलं तर हूं हूं."

पारूबाईनं तेल लावलं. पीठ लावलं. पोर वाट बघत होतं. काहीच येईना, तेव्हा त्यानंच तोंड उघडून "आं" केलं. सहा महिन्यांच्या पोराला आपली पाळी कळते आणि साठीच्या बाईला कळू नये? पारूबाईनं पाळणा उचलला. भीमाच्या नावाशी आली तेव्हा आवाज जरासुद्धा खाली केला नाही.

चतुराबाईचा तांब्या अधांतरी राहिला. "ऊठ."

"उठते. पण पोराच्या अंगभर पीठ हाय. डोळ्यात जाईल. पाणी वता, मंग उठते."

नळ ठिबकत होता. पारूबाईनं दुसरी ओळ म्हटली. पोराच्या मांड्यांवर काटा आला.

"वता काकू. गारठायलंय."

चतुराबाईनं नातवाकडं पाहिलं, मग पारूबाईच्या पायांकडं, आणि ओतलं. एक तांब्या. दुसरा. तिसऱ्याच्या वेळी स्वतःच विसण बघून घेतलं. पाळणा संपेपर्यंत ती ओतत राहिली.

पोर पंच्यात गुंडाळून पारूबाईनं आजीच्या हातात दिलं. "उद्या येऊ का नको, आत्ताच सांगा. मंग मी दुसरं घर धरते."

"ये." चतुराबाई भिंतीकडं बघून म्हणाली. "मला एकटीला आवरतंय व्हय हे?"

"मी म्हणणार हाय."

"म्हायतीय."

पटलं नव्हतं तिला. पारूबाईला ते दिसत होतं, आणि पटवून द्यायला ती आलीही नव्हती. तिनं हात पुसले, पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरली.

खालच्या मजल्यावर चाळीस दिवसांची पोरगी होती. तिच्या आजीनं अजून नुसतं हूं हूं ऐकलं होतं.