निम्मे आधी

"साहेब येईपर्यंत एवढं जरा बघून ठेवता का, बाई?" म्हणत कारकुनाने पगाराची फाइल पुढे सरकवली आणि तिने सवयीने पेन्सिल उचलली. दोन पानं तपासून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. पैशांचं अजून बोलणंच झालं नव्हतं आणि ही शहाणी कामाला जुंपलीसुद्धा होती.

खोक्यांच्या या कारखान्यात तिने अठरा वर्षं पगाराचे हिशेब केले होते. सल्लागार म्हणून चार ठिकाणची कामं घ्यायची ठरवून तिने नोकरी सोडली, आणि पुढच्याच महिन्यात नवऱ्याची गेली. आज इथल्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ मिळाली नाही, तर घरभाडं थकणार होतं.

काल भाजी निवडता निवडता सासूबाईंनी तिच्याकडून सगळं घोकून घेतलं. साहेब त्याच झाल्या होत्या.

"आकडा सांगायचा आणि तोंड शिवून बसायचं," त्या म्हणाल्या. "तुला दम निघत नाही. लगेच 'जमेल तसं द्या' म्हणतेस. अगं, काम करतेस की उपकार?"

साहेब आले. तिने आकडा सांगितला, "निम्मे आधी" म्हणाली आणि ओठ घट्ट मिटले. ते चष्मा पुसत राहिले. पुसून पुसून काच झिजते की काय असं तिला वाटलं. 'जमेल तसं' अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने कसंबसं गिळलं.

"निम्मे आधी?" साहेब हसले. "बाई, तुम्ही काय परक्या आहात का? घरच्या माणसाने असं बोलायचं?"

घरचीच होती ती. म्हणून तर लेक तापाने फणफणलेली असतानाही तिने पगाराची तारीख चुकू दिली नव्हती, आणि स्वतःची पगारवाढ मागायची मात्र दरवर्षी राहून गेली होती. तिला भडभडून आलं.

"आता परकीच आहे, साहेब," ती म्हणाली. अर्धवट तपासलेली फाइल मिटून तिने त्यांच्याकडे सरकवली.

साहेबांचं हसू मावळलं. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी कॅशियरला हाक मारली. "बाईंचे... मॅडमचे निम्मे आत्ताच पाठवून द्या."

तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शिपाई मावशी चहा घेऊन आल्या. कान तुटलेला तिचा चहाचा मग त्या इतकी वर्षं फडताळात वेगळा जपून ठेवत. आज त्यांनी पाहुण्यांची कपबशी तिच्यापुढे ठेवली.

"साखर किती घालू, मॅडम?" त्यांनी विचारलं.