साहेबांच्या चेंडूपुढे

त्या कंपनीत पुठ्ठ्याच्या पेट्या बनत आणि निर्णय गवतावर होत.

ऑफिसात बैठकीची खोली नव्हती असं नाही. होती, आणि तिच्यातल्या खुर्च्या इतक्या मऊ होत्या की बसल्यावर मत मांडायची इच्छाच मरून जावी. पण कुणी काही महत्त्वाचं विचारलं की मोठे साहेब चष्मा पुसत म्हणत, "शनिवारी या ना मैदानावर. चालता चालता बोलू." चालता चालता म्हणजे गोल्फ खेळता खेळता. बढती, बदली, कुणाचं टेबल खिडकीजवळ आणि कुणाचं जिन्याखाली, सगळं तिथे ठरे. सोमवारी फक्त कळे.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तेव्हा तिचं टेबल जिन्याखाली गेलेलं होतं.

रजेआधी नमुना विभाग तिचा होता. कंपनीची प्रत्येक नवी पेटी आधी तिच्या खोलीत जन्माला येई. ती पुठ्ठा कापे, घड्या घाले, आत काचेच्या बाटल्या भरे आणि ते सगळं उंचावरून फरशीवर सोडून देई. एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा पालथं. आत काही फुटलं की पेटी नापास. ऑफिसात तिला 'नमुनेबाई' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. खरे नमुने कोण आहेत ते तिला माहीत होतं.

त्यांतले पहिल्या नंबरचे आता तिच्या खुर्चीत बसले होते. पाठीमागे सगळे त्यांना होयबा म्हणत. विभाग 'तात्पुरता' हाती येताच होयबांनी पहिलं काम काय केलं, तर पेट्या टाकून बघणं बंद केलं. "टाकल्या की फुटतात," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. तेव्हापासून एकही नमुना नापास झाला नाही. साहेब खूश झाले, आणि पेट्या गिऱ्हाइकांच्या दारात फुटू लागल्या.

"साहेब, माझ्या विभागाचं काय?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"अरे वा, आलात! मुलगी ना? छान, छान. शनिवारी या मैदानावर. चालता चालता बोलू."

आता साहेबांबरोबर चालणं हेही काही वाटतं तितकं सोपं नव्हतं. गोल्फमध्ये पहिला फटका लाकडी खुंटीवर चेंडू ठेवून मारतात. चेंडू जमिनीपासून उचललेला, नुसता आपली वाट बघत बसलेला. तो कुणालाही जमतो. खरी परीक्षा दुसऱ्या फटक्याची. तेव्हा चेंडू गवतात असतो आणि हातात असते 'वुड' नावाची लांब, जाड डोक्याची काठी. पूर्वी तिचं डोकं लाकडाचं असे. आता धातूचं असतं, नाव मात्र तेच राहिलंय, निवृत्त झालेल्या माणसाला लोक साहेब म्हणत राहतात तसं. नवशिक्यांना गवतातही खुंटी लावायची मुभा होती, पण मग त्यांची रवानगी मागच्या तुकडीत होई. त्या तुकडीला 'खुंटीवाले' म्हणत. साहेब खुंटीवाल्यांशी हवापाण्यापलीकडे काही बोलत नसत.

म्हणजे विभाग हवा तर साहेबांशी बोलायला हवं, बोलायचं तर त्यांच्यासोबत चालायला हवं, आणि चालायचं तर गवतावरून वुडचा फटका यायला हवा. आठ महिन्यांचं पोर पदरात, रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत, आणि ही नवी विद्या! पण अडला हरी, दुसरं काय?

क्लबच्या मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं. "मॅडम, मागे रेला. चेंडूच्या खाली शिरा. आणि उचला त्याला, आभाळाकडे उचला!"

ती मागे रेलली, खाली शिरली, उचलायला गेली. काठीची कड चेंडूच्या टाळक्यावर बसली आणि चेंडू भ्यालेल्या सशासारखा चार उड्या मारून गवतात बसला. पुढच्या वेळी तर चेंडू जागचा हललाच नाही, पण मातीचं एक ढेकूळ मात्र दिमाखात उडालं.

"उत्तम!" मास्तर म्हणाले. "अगदी साहेबांसारखं."

तिला वाटलं, टोमणा मारताहेत. पण टोमणा नव्हता. भिंतीवर साहेबांचा मोठा फोटो होता: अंग मागे झुकलेलं, नजर आभाळात. चेंडू फोटोत कुठे दिसत नव्हता, कारण तो पायाशीच होता आणि फोटो कमरेपर्यंतचा होता. साहेब क्लबचे अध्यक्ष होते, आणि वर्षानुवर्षं त्यांचा गवतावरचा फटका असाच जात होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगण बदलायची सोय होती. साहेबांनी गवत उपसमिती नेमली. समितीने गवत बदललं, मग बदललेलं गवत बदललं. चेंडू काही उठेना. तेव्हा सगळ्यांनी शहाणपणाने ठरवून टाकलं, की हा फटका असाच असतो.

रविवारी दुपारी ती वुड घरी घेऊन आली. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर मोज्याचा बोळा ठेवला आणि मागे रेलून घुमवली काठी. बोळा तिथेच. उशांच्या कोटात बसवलेली लेक डोळे विस्फारून बघत होती.

"अगं, गालिचा झाडतेस का मारतेस त्याला?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "झाडायचा तर नीट झाड. तो कोपरा केव्हाचा राहिलाय."

ती दमून जमिनीवरच बसली. लेक रांगत आली आणि काठीचं थंडगार डोकं चाटू लागली. तिच्या तोंडातून ते काढून घेताना पहिल्यांदाच तिने त्या डोक्याकडे नीट पाहिलं, पेटीची घडी बघावी तसं. गालिच्यावर टेकवलं, डोळा मिटून बाजूने पाहिलं. काठीचं तोंड सरळ नव्हतंच. त्याला मुळातच उतार होता. ते आपसूक वर बघत होतं.

"अगं बाई," ती लेकीला म्हणाली, "हिला वर बघायचं आधीच शिकवून ठेवलंय की गं! मग तुझी आई कशाला मागे कोसळतेय?"

ती उठली. या वेळी मागे रेलली नाही. वजन पुढच्या पायावर येऊ दिलं, बोळ्याला उचलायचं मनातून काढून टाकलं, आणि सासूबाई म्हणाल्या तसा गालिचा झाडला. फर्रकन आवाज झाला. मोज्याचा बोळा हवेत चढला आणि पडद्याला थडकून नवऱ्याच्या डोक्यावर पडला. लेक खदाखदा हसली. तिचे दोन्ही दात दिसले. मग पुन्हा, पुन्हा, असं हातवारे करून तिने आईकडून तो फटका गिरवून घेतला. जगात कुठल्याही मास्तराने इतकी चिकाटी दाखवली नसेल.

त्या आठवड्यात ऑफिसच्या आधी ती सरावाच्या जागेवर गेली. काठी गवताला हलकेच घासून गेली आणि चेंडू उठला, तो दूरच्या झाडांपर्यंत. मास्तरांनी पाहिलं. लगेच दुसरीकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, फार सुंदर. कुणाला दाखवू नका."

पण पुढच्या तुकडीत, साहेबांसोबत, तिचं नाव त्यांनी घातलं.

शनिवारी सकाळी नवरा चहा ओतता ओतता म्हणाला, "हे बघ, एक चेंडू तेवढा वाकडा मार. साहेबांच्या चेंडूपुढे कुणाचा चेंडू जात नाही, सगळ्या गावाला माहितेय. विभाग पदरात पडला की मार हवा तेवढा लांब."

"तसंच करते," ती म्हणाली. तिला ते पटलंही होतं.

"मारायचाच नव्हता," सासूबाई नातीचं तोंड पुसत म्हणाल्या, "तर माझा गालिचा कशाला झिजवलास?"

मैदानावर चौघं होते: साहेब, होयबा, विक्री विभागाचे प्रमुख आणि ती. खुंटीवरचे फटके झाले. साहेबांचा बरा गेला, बाकीचे त्याच्या अलीकडे अदबीने थांबले. आणि मग, इतक्या आठवड्यांनी, साहेब तिच्या बाजूने चालू लागले.

"हं, बोला."

"साहेब, आपल्या पेट्या फुटताहेत. नमुने टाकून बघायचं बंद झालंय. मला माझा विभाग परत द्या, मी थांबवते."

"फुटताहेत?" साहेबांनी मागे वळून होयबांकडे पाहिलं. "यांच्याकडे तर एकही नमुना नापास नाही."

"एकही नाही, साहेब," होयबा म्हणाले. "आणि मॅडमना आता घरी लहान बाळ. दगदग नको, असं आपलं मला वाटतं."

"तेही आहेच," साहेब म्हणाले. "थांबा, एवढा फटका मारू, मग सांगतो."

ते मागे रेलले, खाली शिरले, आभाळाकडे पाहिलं. चेंडू पावलाभर घरंगळला. "छे! गवत ओलं आहे."

ऊन चांगलं चढलं होतं. होयबांनी बुटाच्या टोकाने गवत दाबून पाहिलं. "चिंब आहे, साहेब." आणि त्यांनी इतक्या सफाईने चेंडूच्या टाळक्यावर मारलं, की तो साहेबांच्या चेंडूमागे वीतभर अंतर राखून उभा राहिला. विक्रीवाल्यांनी तर चेंडूला हातच लावला नाही, नुसती हवा कापली.

"या, मॅडम," साहेब म्हणाले. "जपून हं. ओलं आहे."

ती चेंडूशी उभी राहिली. वाकडा मारणं अवघड नव्हतं. थोडं मागे रेलायचं, बस्स. पण मुद्दाम चुकायचं म्हणजे पेटी न टाकताच पास करायची, तेच ना हे? आणि हेच जर करायचं, तर विभाग तिला हवा कशाला? तो मग होयबांकडेच शोभतो की.

तिने गवत झाडलं.

चेंडू उठला. साहेबांच्या टोपीवरून नव्हे, पण त्यांच्या चेंडूवरून, पुढच्या वळणावरून, पार भोकाभोवतीच्या हिरवळीच्या तोंडाशी जाऊन पडला.

"वारा होता," होयबा म्हणाले.

"उतारही आहे तिकडे," विक्रीवाले म्हणाले.

"गप्प बसा हो," साहेब म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "कसं केलंत?"

"साहेब, रागावू नका. तुम्ही चेंडू उचलायला जाता. तो उचलायचा नाही. काठीच्या तोंडातच उतार आहे, बघा. तुम्ही पुढच्या पायावर या आणि नुसतं गवत झाडा."

होयबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी काठी उलटीसुलटी करून पाहिली, जणू आजच दुकानातून आणली होती. चेंडू ठेवला. झाडायला गेले, पण जुनी खोड, मागे कोसळले. पुन्हा ठेवला. ओठ घट्ट मिटून पुढच्या पायावर आले. आणि त्या वेळी काठी घासून गेली, चेंडू हवेत चढला, चढतच राहिला.

साहेब तसेच उभे. तोंड उघडं, हात हवेत. खुर्चीला धरून पहिल्यांदा उभी राहिलेली तिची लेक अशीच दिसली होती, आपणच केलेल्या पराक्रमाने दचकलेली. टाळ्या वाजवायला उठलेले हात तिने कसेबसे खाली घेतले.

"उडाला!" साहेब ओरडले. "अहो, उडाला! मारा, तुम्हीही मारा! असंच मारा!"

हुकूम तो हुकूम. होयबा पुढे झाले, झोकात काठी फिरवली, आणि त्यांचा चेंडू तिच्या चेंडूच्याही पुढे, हिरवळीच्या मधोमध, जाऊन बसला. विक्रीवाल्यांचा त्याच्या शेजारी. पहिल्याच दमात, आणि दोघांचेही.

साहेबांचे हात हळूहळू खाली आले.

"तुम्हाला हे केव्हापासून येतं?"

"तुम्ही आत्ता दाखवलंत तेव्हापासून, साहेब," होयबा म्हणाले.

"मला शाळेपासून," विक्रीवाले बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

साहेब पुढे चालू लागले. दोघं मागोमाग निघाले, तसा साहेबांनी पाठीमागे हात करून त्यांना थांबवलं आणि तिला तेवढं बोलावलं.

"पेट्या खरंच फुटतात?"

"हो, साहेब."

"मग मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"गवत ओलं होतं ना, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच परत लावला. "सोमवारपासून विभाग तुमचा. मी येतो खाली. माझ्यासमोर टाकून दाखवा." मग जरा घुटमळत म्हणाले, "आणि शनिवारी याल ना दर वेळी? हे जरा... माझं पक्कं होईपर्यंत?"

तिचे स्तन भरून आले होते. अंगाला घड्याळाआधी वेळ कळते. "शनिवार मुलीचा, साहेब. आणि आत्ताही निघते, ती उठली असेल."

खेळ अर्धा टाकून, साहेबांआधी, मैदानावरून कुणी गेलेलं गवत उपसमितीच्याही आठवणीत नव्हतं. साहेब नुसती मान हलवत राहिले.

ती फाटकाशी पोचेपर्यंत होयबा धापा टाकत मागे आले. "मॅडम, मॅडम! सोमवारी त्या पेट्या... किती उंचीवरून टाकायच्या म्हणता? साहेबांनी विचारलं तर आपलं एकमत असावं."

"माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून."

"कुणाच्या?"

"तुमच्याही चालेल की."

होयबांनी क्षणभर विचार केला, आणि जरासे वाकून उभे राहिले.