चौथ्या भागातला काळोख

ऋतुराजने खेळ मध्येच थांबवला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मागे बसलेल्यांकडे वळून म्हणाला,

"आता या गल्लीत कुठे जायचं, ते मला कोणीतरी सांगा."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एका बंदरगावातली रात्रीची गल्ली थिजून उभी होती. देवेशच्या कळव्यातल्या गेमिंग कॅफेत रविवारी दुपारी पंधराएक जण जमले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण जमिनीवर बसले होते. वडापावच्या कागदांचे बोळे कोपऱ्यात साठत होते. वाद एकच होता आणि तो गेले चार महिने ग्रुपवर चाललेला होता: हॉलोब्रुक संपलं की नाही.

हॉलोब्रुक हा परदेशातला स्टुडिओ. 'तेलमारा' नावाच्या खेळाचे भाग काढणारा. खेळणाऱ्याने त्यात एखादी भूमिका घ्यायची आणि महिनोन् महिने एका कल्पित देशात हिंडायचं, माणसांशी बोलायचं, लढायचं, कोणाला वाचवायचं ते ठरवायचं. इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांचं कॉलेज पहिल्या दोन भागांबरोबर सरलं होतं. चौथा भाग या वर्षी आला आणि ग्रुपची दोन शकलं झाली. स्टुडिओ घसरला म्हणणाऱ्यांचा पुढारी ऋतुराज होता. ठाण्यातल्या विमा कंपनीतली नोकरी सांभाळून तो मराठीत या खेळांवर व्हिडिओ करायचा. 'हॉलोब्रुक संपलं' हा त्याचा व्हिडिओ आजवर सर्वात जास्त पाहिला गेलेला.

"जुन्या भागांत प्रत्येक वळणावर काहीतरी खूण असायची," तो म्हणाला. "खिडकीत उजेड, नाहीतर कंदील. खेळणाऱ्याला न सांगता वाट दाखवायचे ते. याला कारागिरी म्हणतात. आणि आता? सगळा काळोख. बाजूने शत्रू कधी येतो तेही कळत नाही. अंगावर आला की मगच दिसतो."

"कंदील आहे की," निशा म्हणाली.

निशा भोईर जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. ती इथलीच, खारेगावची. शाळेत भूगोल शिकवायची आणि ग्रुपवर ऋतुराजला तोडीस तोड भांडायची. चौथ्या भागाची बाजू घेणारे अजून तिघं-चौघं होते, पण खिंड लढवायची ती.

"कुठे?"

"डावीकडे. गॅलरीत."

ऋतुराज पडद्याकडे वळला. क्षणभर थांबून त्याने विचारलं, "कुठल्या गॅलरीत?"

कोणीतरी हसलं. ऋतुराजला वाटलं, सगळे मिळून आपली खेचतायत. निशा उठली, पडद्याजवळ गेली आणि बोट ठेवलं. ऋतुराजने मान वळवली.

"हां, तो," तो म्हणाला. "त्याला काय कंदील म्हणायचं? शोधावा लागतो म्हणजेच चुकलंय ना?"

त्याच्या बाजूच्यांनी टेबलं बडवली. पडद्यावरचा कंदील हाताच्या पंजाएवढा होता, पिवळाधमक. निशाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा ऋतुराजकडे पाहिलं, आणि ती परत जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर तिची तलवार म्यान झाली. लढाया किचकट झाल्यात असं तो म्हणाला तेव्हा तिने मान डोलावली. अक्षरं बारीक केलीत म्हणाला, तेव्हा म्हणाली, "असेल." शेवटी देवेशने हात वर करायला लावले, तेव्हा तिचा हात कुठल्याच बाजूने वर झाला नाही. ऋतुराज जिंकला. देवेशने त्याच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, आज तर तू एकतर्फीच जिंकलास." पण ऋतुराजला जिंकल्यासारखं वाटेना. निशा अशी सहजासहजी सोडणारी नव्हती.

बाहेर पडल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या टपरीपाशी चहाला थांबले. हे नेहमीचंच होतं. आत कितीही भांडले तरी चहा एकत्र व्हायचा.

"बाइक नाही आणलीस?" तिने विचारलं.

"विकली. शिळफाट्याचं ट्रॅफिक, ती धूळ. आणि हल्ली समोरून येणारे लोक हेडलाइट कसले लावतात माहितीये? डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा. संध्याकाळनंतर चालवण्यात काही राम नाही राहिला."

ग्लास ठेवून तो रस्ता ओलांडायला निघाला. निशाने मागून त्याची बाही धरून ओढलं. डावीकडून आलेली रिक्षा त्याच्या गुडघ्याला घासून गेल्यासारखी गेली. रिक्षावाला पुढे जाऊन मागे वळून काहीतरी बोलला.

"हॉर्न तरी वाजवायचा ना," ऋतुराज म्हणाला.

"वाजवलेला." निशाने बाही सोडली. "ऋतुराज, एक सांगू? डोळे तपासून घे."

"म्हणजे?"

"तू आत जे जे बोललास ना, ते सगळं दिसण्याबद्दल होतं. काळोख आहे, बाजूने येणारा दिसत नाही, अक्षरं बारीक. गोष्टीबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस आज. आधी तू फक्त गोष्टीबद्दलच बोलायचास."

ऋतुराज हसला, पण ते हसू टिकलं नाही.

"हरलीस म्हणून आता माझे डोळे का?"

"मी हरले नाही. मी गप्प बसलेले."

"का? दया आली?"

निशाने नजर खाली वळवली. तेवढं त्याला पुरे झालं. चहाचे पैसे ठेवून तो निघून गेला. या वेळी मात्र रस्ता ओलांडण्याआधी त्याने दोन्हीकडे नीट वळून पाहिलं, आणि आपण तसं केलं याचाच त्याला राग आला.

पुढचे काही आठवडे त्याने तिच्या मेसेजना उत्तर दिलं नाही. ग्रुपवर तो बोलायचा, पण तिचं नाव टाळून. तिच्या बोलण्यातला खोटेपणा दाखवून द्यावा असं त्याच्या मनात घोळत राहिलं, आणि एका संध्याकाळी त्याला मार्ग सुचला. दुसरा आणि चौथा भाग शेजारी शेजारी ठेवून व्हिडिओ करायचा. जुन्या खेळातली रात्र आणि नव्या खेळातली रात्र. मग कोणी त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवणार नाही.

मानपाड्याच्या घरात तो आणि आई, दोघंच राहायचे. ऑफिसातून आल्यावर त्याने दार ओढून घेतलं, खुर्ची पुढे सरकवली आणि कितीतरी वर्षांनी दुसरा भाग लावला. सुरुवातीचं संगीत वाजलं तेव्हा त्याला बरं वाटलं. या खेळातलं गाव तो डोळे मिटून फिरू शकला असता. पाणचक्की, तिच्यामागे लोहाराचं घर, मग पुलाकडे उतरणारी वाट. चक्कीच्या डाव्या अंगाला खांबावर एक मशाल असायची आणि तिच्याखाली एक म्हातारा भिकारी बसायचा. कॉलेजात असताना तो भिकारी खरा कोण हे ओळखणारे आणि न ओळखणारे असे त्यांच्यात गटच पडले होते.

त्याने रात्र होऊ दिली आणि चक्कीकडे चालू लागला.

मशाल नव्हती.

आवृत्ती बदलली असेल, त्याच्या मनात आलं. यांनी जुन्यातही हात घातला. त्याने कंट्रोलरवरचा अंगठा हलवला, दृश्य डावीकडे फिरलं, आणि मशाल पडद्याच्या मध्यावर आली. तिच्याखाली म्हातारा बसला होता. ऋतुराजने दृश्य पुन्हा सरळ केलं. मशाल गेली. तिच्या जागी काळा ठिपका, भोक, असं काहीही नव्हतं. तिथे नुसती भिंत होती, जणू कायम भिंतच असावी. त्याने पुन्हा वळवलं. म्हातारा आला. पुन्हा सरळ केलं. म्हातारा गेला.

असं त्याने किती वेळा केलं ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. मग त्याने खुर्ची मागे घेतली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मांड्यांवर ठेवून बसून राहिला. खेळातला म्हातारा आपलं ठरलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्याच्या आईने, हौसाबाईंनी, दार ढकललं. त्यांच्या हातात भाजीची पाटी होती.

"बत्ती तरी लाव की रं. अंधारात काय बसलायस?"

"लावलीय आई."

त्यांनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं. ती लागलेली होती, पण जुनी, कडेला काळवंडलेली. त्या पलंगावर टेकल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

"तुझे बाबा पण शेवटी शेवटी असंच बसायचे," त्या म्हणाल्या. "तेवढ्यापायी तर कंपनी सोडली. लेथवर काम करणारा माणूस, म्हणायचे कंपनीनं दिवे कमी केलेत. मालकाशी भांडले. पहिल्यासारखी कंपनी राहिली न्हाई म्हणायचे. मी पण तेच धरून बसले. एकदा डबा द्यायला गेले, तर आत लख्ख उजेड."

"मग?"

"मग काय. डाक्टरकडं गेलो, पण उशीर झालेला. डोळे साखरेनं गेले म्हणून सगळ्यांना सांगितलं. तू लहान होतास." त्यांनी एक काडी बाजूला काढली. मग हात थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "का रं, काय झालं?"

ऋतुराज उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने मूठभर मेथी पुढ्यात ओढली.

"उद्या सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ."

डोंबिवलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटाकार यंत्रात हनुवटी टेकवायला सांगितली. हातात एक बटण दिलं. समोरच्या बिंदूवरची नजर हलवायची नाही, कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. आयुष्यभर बटणं दाबलेला माणूस, त्याला वाटलं हे सोपं आहे. पण मध्येच ठिपके येणं थांबायचं. यंत्र अडकलंय की काय असं त्याला वाटायचं. बाजूला उभी असलेली मुलगी शांतपणे म्हणायची, "चालू आहे सर, बघत राहा."

डॉक्टर वयाने त्याच्याएवढीच होती. तिने कागदावरचा काळा झालेला भाग दाखवला. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजू बरीच गेली होती, उजव्याची सुरुवात होती. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखता येईल, पण रोज, न चुकता. घरात कोणाला होता का, असं तिने विचारलं. ऋतुराजने बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

"तुम्ही लवकर आलात तसे," डॉक्टर म्हणाली. "बरेच जण फार उशिरा येतात. तुम्हाला कसं लक्षात आलं?"

"एका मैत्रिणीने सांगितलं."

त्या आठवड्यात त्याने 'हॉलोब्रुक संपलं' काढून टाकला. त्या जागी दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. काळोखाबद्दल, अक्षरांबद्दल, बाजूने येणाऱ्या शत्रूंबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो, तो दोष खेळाचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता. काचबिंदू आहे, रोज थेंब घालायचेत. बाकीच्याबद्दल खेळ नीट खेळून मग बोलेन. निशाला त्याने वेगळं काही लिहिलं नाही, लिहायला घेऊन तीनदा खोडलं. तिनेच संध्याकाळी मेसेज केला: 'थेंब घातलेस का?' त्याने 'हो' लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू त्या प्रश्नाच्या मागेपुढे दुसरंही बोलणं सुरू झालं.

दिवाळीनंतर देवेशने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. ऋतुराज गेला तेव्हा कॅफेत नवे दिवे लागले होते. त्याच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवलेली. पायरीपाशी दोघं जण हात धरायला पुढे आले. त्याने हात धरू दिला, कारण नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

चर्चा सुरू झाली. मधल्या काळात त्याने चौथा भाग हळूहळू, मान वळवत वळवत, शेवटपर्यंत खेळला होता.

"माझं मत सांगू?" तो म्हणाला. "दिसायला सुंदर आहे. पण यांना आता माणसं लिहिता येत नाहीत. सगळी पात्रं एकाच तोंडाने बोलतात. नावाडीण आणि राणी, दोघींची वाक्यं बदलून टाका, कोणाला कळणार नाही."

"बरोबर आहे," देवेश लगेच म्हणाला.

"हो, पॉइंट आहे भावाचा," मागून कोणीतरी म्हणालं.

गेल्या वेळी चौथ्या भागासाठी जीव टाकणारे तिघं-चौघंही मान हलवत होते. मग ऋतुराज मुद्दाम म्हणाला,

"आणि संगीतही टुकार आहे."

"आहेच तसं," देवेश म्हणाला.

संगीत टुकार नव्हतं. या खेळात दुसरं काही नसलं तरी संगीत होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ऋतुराज कंट्रोलरकडे बघत राहिला. कोणीतरी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. खोलीत चांगुलपणा इतका भरून राहिला होता की त्याला तिथे बसवेना. तो उठायच्या बेतात होता.

"साफ चूक," डावीकडून आवाज आला.

देवेशने डोळ्यांनी खुणावलं, पण निशाने तिकडे लक्ष दिलं नाही.

"नावाडीण राणीसारखी बोलते, कारण ती राणीच्या घरात वाढलीय. तिसऱ्या प्रकरणात सांगितलंय. तू ते प्रकरण नीट खेळलाच नाहीस, उरकून टाकलंस. आणि संगीताबद्दल तर तू उघड उघड खोटं बोलतोयस."

"निशा, राहू दे ना," देवेश हळूच म्हणाला.

"का राहू दे? चुकीचं बोलतोय तो."

ऋतुराजने बसल्या बसल्या खुर्ची डावीकडे वळवली, थोडी, मग अजून थोडी, निशा पूर्ण दिसेपर्यंत. ती भिंतीला टेकून बसली होती, नाक फुगलेलं, बोट त्याच्यावर रोखलेलं.

"तिसरं प्रकरण मी दोनदा खेळलोय," तो म्हणाला. "बोल आता."