ध्रुवचं बोरन्हाण

बुधवारी योगिनीला आपल्या मुलाच्या, ओजसच्या कानामागे पुरळ दिसलं, आणि गुरुवारी सरकारी नर्सचा फोन आला. शाळेत गोवर शिरला होता. ओजसची लस राहिली होती. ‘सुट्टीत मायदेशी पुण्याला गेलो की आपल्या डॉक्टरांकडे देऊ’ म्हणता म्हणता दोन सुट्ट्या निघून गेल्या होत्या.

नर्स मोठी गोड बाई. “माझी पणजी शाळेत शिकवायची,” ती म्हणाली. “गोवराची साथ आली की आजारी मुलं शोधत दारोदार पायी फिरायची. आया मुलं लपवायच्या. तुम्ही सगळं सांगताय, ग्रँड, छानच! आता एवढंच सांगा, त्याच्या जवळ एखादं तान्हं बाळ आलं होतं? सहा दिवसांच्या आत इंजेक्शन दिलं तर बाळाला जपता येतं.”

आलं होतं. रविवारीच ब्लँचर्डस्टाउन उपनगरात रेवाच्या ध्रुवचं बोरन्हाण झालं होतं. आठ महिन्यांचं बाळ, काळं झबलं, हलव्याचे दागिने. बोरं मिळेनात म्हणून चुरमुऱ्यांत ब्लूबेरी. सकाळी ओजसचं अंग तापलं होतं. पण पहिली ओंजळ त्यानेच ओतायची, असा रेवाचा हट्ट. योगिनीने तापाचं औषध पाजलं, ताप उतरला, आणि ती त्याला घेऊन गेली. ओजसने बाळाचे मुकेही घेतले.

रेवा मैत्रीण, पण या परक्या देशात सख्खी बहीणच. योगिनीचं बाळंतपण तिने काढलं होतं, आणि तिला स्वतःला मूल झालं ते नऊ वर्षांनी. तापातलं पोर तुझ्या बाळापाशी आणलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? काही होणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“नाही हो,” योगिनी म्हणाली, “बाळ कुणी नव्हतं.”

ओजस बरा होऊन खेळायला लागला, आणि ध्रुव हॉस्पिटलात गेला. तिथूनच रेवाचा फोन आला.

“योगिनी, इथे सारखं विचारतायत, गोवर आणला कुणी. मी म्हटलं, बाहेरचं कुणी आलंच नाही, सगळी आपलीच माणसं होती. खरंय ना गं?”

योगिनीला रडू फुटलं. “रेवा, त्या दिवशी ओजसला ताप होता. त्याला गोवरच निघाला.”

मग रेवाने विचारलं, “तुलाही नर्सने विचारलं होतं, जवळ बाळ होतं का?”

“हो.”

फोन बंद झाला.

ध्रुव गेल्याचं योगिनीला मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. ती तशीच धावत गेली. दार रेवाच्या नवऱ्याने, सलीलने उघडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“रेवा म्हणते,” तो म्हणाला, “आज बाहेरचं कुणी नको.”